मोजणी बरोबर होती

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चच्या व्हरांड्यातल्या बोर्डावर मी कॅरलच्या, म्हणजे नाताळात रात्री घरोघरी गात फिरायच्या, नियमांचा एक कागद लावला. दुसऱ्या रविवारी बघते तर त्यावर निळ्या पेनानं लिहिलेलं, ‘लेकरं कॅरलला चालली का जेलात?’ अक्षर मी लगेच ओळखलं. आमच्या चर्चची मंडळी मोजकीच, इथं सगळ्यांना सगळ्यांची अक्षरं ठाऊक. बोलले काही नाही. कागद काढून घरी आणला, फाइलला लावला आणि दुसरी प्रिंट काढून त्याच जागी डकवली.

कागदावर होतं काय? १८ वर्षांच्या आतल्या मुलामुलींना आईवडिलांच्या सहीशिवाय गाडीत घेणार नाही. प्रत्येक गाडीत दोन मोठी माणसं, आणि ती दोघं एका घरातली नकोत. रात्री साडेअकरा वाजले की लहानांची गाडी परत फिरणार. लेकराला गल्लीच्या तोंडाशी उतरवायचं नाही, दारापर्यंत जाऊन घरातल्या मोठ्या माणसाच्या हवाली करायचं. एवढंच. यावरून महिला मंडळात दोन तट पडले.

जालन्यात आमच्या लोकांची कॅरल ज्यांनी पाहिली नाही त्यांना हा राग कळायचा नाही. रात्री आठला निघायचं. ढोलक, गिटार, एक खंजिरी, सांताक्लॉजचा घामट मुखवटा. घरोघरी गाणं, प्रार्थना, चहा, करंजी, केक. मग दूरच्या कॉलन्या, एमआयडीसीकडची दोन-चार घरं, आणि शेवटचं घर ठरलेलं, जिथं पहाटे दोनला मटणाचा रस्सा उकळत असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या लेकरांना वर्षातून एवढ्याच रात्री उजळ माथ्यानं गावभर फिरायला मिळतं. मी स्वतः दहावीत असताना पहाटे तीनला घरी आले होते. वडिलांनी दार उघडलं, ‘कोण होतं सोबत?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘अंकल होते.’ ते झोपायला गेले. कोणते अंकल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आमच्यात सगळेच अंकल-आंटी. माझी आजी बेथेलची. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं ख्रिस्ती गाव ते. आजीच्या पिढीपासूनची चाळीस-पन्नास घरं एकमेकांत लग्नं करत आलेली. कुणी मामेसासरा, कुणी चुलत दीर, कुणी बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. परका माणूस आमच्या कंपाउंडात आला की कुत्रीसुद्धा भुंकतात. त्यामुळं लेकरांवर लक्ष ठेवायचे नियम म्हटले की लोकांना वाटतं, हे मुंबई-पुण्याच्या मोठ्या चर्चला ठीक, इथं कामून?

मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. म्हणून आधी म्हैसमाळचं सांगते.

सात वर्षं झाली. पावसाळ्यात तरुण संघाची सहल काढली होती, २६ मुलं. एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक क्रूझर. मोठी माणसं तीन. मी, पाळकीणबाई (आमच्या पाद्रींच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी) आणि तरुण संघाचा सेक्रेटरी. आमच्याकडे तरुण संघ म्हणजे नुकतं दृढीकरण (चर्चचा पक्का सभासद व्हायचा विधी) झालेल्या चौदा-पंधराच्या पोरापासून लग्न लांबलेल्या पस्तिशीच्या दादापर्यंत सगळे. तेव्हाचा सेक्रेटरी २० वर्षांचा होता. कायद्यानं मोठा. पण दिवसभर तो नववीतल्या पोरांबरोबर रील काढावी तसे व्हिडिओ काढत चिखलात घसरत होता आणि त्याच्याकडं बघायलाही आणखी एक माणूस लागत होता.

वेरूळ बाहेरूनच दाखवलं, खुलताबादवरून वर गेलो. म्हैसमाळला इतकं धुकं की दूरदर्शनचा टॉवरसुद्धा दिसेना. लेकरांना तर उधाण आलं. एकमेकांना हाका मारायच्या, लपायचं, धुक्यातून एकदम अंगावर यायचं. साडेचारला मी शिट्टी मारली. सेक्रेटरीनं ट्रॅव्हलरमधली मोजली, सोळा. क्रूझरच्या ड्रायव्हरला ओरडून विचारलं, ‘दहा आहेत का?’ त्यानं मागं वळून मोजली, म्हणाला, ‘हाव, दहा.’ सोळा आणि दहा, सव्वीस. निघालो.

घाट उतरून खुलताबादला आलो तेव्हा क्रूझरमधल्या एका मुलीनं विचारलं, ‘आंटी, तो कुठंय?’

क्रूझरच्या ड्रायव्हरनं सहलीला म्हणून आपला भाचा सोबत आणला होता. बारा वर्षांचा, पुढं त्याच्या बाजूला बसलेला. मोजताना त्यानं त्यालाही मोजलं. त्याचीही चूक म्हणवत नाही. त्याला कुणी ‘आमची दहा’ असं सांगितलं नव्हतं, नुसतं ‘दहा’ विचारलं होतं.

मागं सुटलेला मुलगा चौदा वर्षांचा, अबोल. त्याच्याजवळ मोबाइल नव्हता. त्या दहा-बारा किलोमीटरच्या चढावर माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. वर पोचलो तर कणसं भाजणाऱ्या बाईच्या ताडपत्रीखाली तो उकिडवा बसलेला, हातात पुठ्ठा, तिच्या निखाऱ्यांना वारा घालत होता. माझ्याकडं बघून लाजल्यासारखा हसला. ती बाई मात्र हसली नाही. म्हणाली, ‘कोनाचं लेकरू हाय हे? शेरडं बी मोजून नेत्यात, बाई.’ मी तिला शंभराची नोट द्यायला गेले. तिनं घेतली नाही. मग मी दहा कणसं विकत घेतली, त्याचे पैसे घेतले.

इथपर्यंतचं मी आधीही दोन-चारजणांना सांगितलंय. चुकीची गंमत होऊन जाते काही वर्षांनी. पुढचं सांगितलं नव्हतं.

परत येताना खुलताबादला दोन्ही गाड्या थांबवल्या, सगळ्यांना गरम भजी आणि चहा दिला. पैसे माझ्या पर्समधले. आणि लेकरं खात असताना मी म्हटलं, ‘हे घरी सांगायचं नाही बरं का. उगं आईबाबा घाबरतील.’ सगळी एका सुरात म्हणाली, ‘हो आंटी.’ त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून मी त्याला वेगळं विचारलं, ‘सांगणार नाहीस ना?’ त्यानं मान हलवली. रात्री त्याला घरी सोडलं तेव्हा त्याच्या आईनं दारातून विचारलं, ‘त्रास नाही ना दिला?’ मी म्हटलं, ‘छे, तुमचं लेकरू तर आहे का नाही तेसुद्धा कळत नाही.’ हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. आजही आठवलं की कानशिलं गरम होतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. काही महिन्यांनी आम्हा शिक्षकांचं बालसुरक्षेचं एक प्रशिक्षण झालं, त्यानंतर वर्गात ते शिकवायचं होतं. चौथीच्या मुलांपुढं मी उभी आणि पाठ केलेलं बोलतेय. ‘कुणी मोठ्या माणसानं तुम्हाला काही खाऊ दिला आणि म्हटलं की घरी सांगू नको, तर काय करायचं?’ मुलं ओरडली, ‘घरी सांगायचं!’ माझ्या हातातला खडू तिथंच थांबला. खाऊ दिला, आणि घरी सांगू नको म्हटलं. भजी दिली होती मी. माझ्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहीत होतं. पण त्या २६ लेकरांना मी शिकवलं काय? चर्चमधली आंटी ‘सांगू नका’ म्हणाली की सांगायचं नसतं. उद्या दुसरं कुणी, ज्याच्या मनात वाईट आहे असं कुणी, तेच वाक्य बोललं तर त्यांच्या कानाला ते ओळखीचं लागणार.

नियमांची फाइल त्या दिवशी सुरू झाली. कमिटीपुढं जायला मात्र ऑगस्ट २०२४ उजाडावा लागला. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींची बातमी आली, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि पुढच्या रविवारी आमच्या इथंही उपासनेनंतर कुणी लवकर घरी गेलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, ‘तुम्ही काहीतरी लिहिलंय ना, आणा.’

मीटिंगमध्ये मी पॉक्सोची, म्हणजे लेकरांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याची, कलमं मराठीत लिहून नेली होती. २०१२ चा कायदा, १८ वर्षांखालचं प्रत्येकजण त्यात बालक. कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होईल अशी ज्याला भीती वाटते, त्यानं पोलिसांना कळवायचंच. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंडही. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारी असलेल्या माणसानं तिथल्याच लेकरावर अत्याचार केला तर तो अधिक गंभीर गुन्हा धरला जातो. शेवटचं वाचलं तेव्हा खजिनदारांनी चष्मा काढून पुसला.

कमिटीतले एक वडील (चर्चमध्ये जबाबदार ज्येष्ठांना आम्ही वडील म्हणतो) म्हणाले, ‘बाई, कायदा बरोबर आहे. पण आपल्याकडं शास्त्र काय म्हणतं? भावानं अपराध केला तर आधी त्याला एकांतात जाऊन सांग. मत्तय १८. पोलीस कशाला मधे?’

मला हे येणार हे माहीत होतं. बायबल मी उघडूनच बसले होते. म्हटलं, ‘तुम्ही म्हणता ते पंधरावं वचन. त्याच अध्यायातलं सहावं वाचू का?’ आणि वाचलं. या लहानांतल्या एकाला जो अडखळण होईल, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं हे बरं, ते वचन. म्हटलं, ‘पंधरावं भावाभावांसाठी आहे. लेकरांसाठी सहावं आहे. आणि ते आधी येतं.’ पाळकसाहेब काही बोलले नाहीत, पण मीटिंगच्या वहीत ‘कलम १९ मान्य’ असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आता बोर्डावर आहे, मुलींच्या संडासाच्या दाराला आतूनही चिकटवलाय. तो आतून लावायची कल्पना पाळकीणबाईंची. बाहेरच्या बोर्डापुढं उभं राहून नंबर लिहून घ्यायची हिंमत कोणत्या लेकराला होणार?

मोठं माणूस कुणाला म्हणायचं यावर तीन मीटिंगा गेल्या. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चनं १९९६ मध्ये लेकरांच्या सुरक्षिततेचा ठराव केला. तिकडच्या चर्चांच्या नियमांत, सांभाळणारा माणूस सांभाळायच्या मुलांपेक्षा निदान पाच वर्षांनी मोठा असावा, असं सापडतं. हे मला फार पटलं, कारण आमचं दुखणं नेमकं तेच आहे. सतराच्या मुलीवर लक्ष ठेवायला एकोणिसाचा दादा नेमायचा आणि वर्षभरात दोघांच्या घरचे रडत पाळकसाहेबांकडं यायचे, हे आम्ही पाहिलंय. आम्ही ठरवलं, वय कमीत कमी २१, आणि गटातल्या सगळ्यात मोठ्या लेकराहून पाच वर्षांनी जास्त. आत्ताचा सेक्रेटरी बोटं मोजत म्हणाला, ‘म्हणजे मी फेब्रुवारीत बसतो.’ मग फेब्रुवारीत ये, म्हटलं.

पोलीस व्हेरिफिकेशनचंही घेतलं. २०२० च्या पॉक्सो नियमांत मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पडताळणी करायची असं आहे. आमच्याकडं पगारी कर्मचारी म्हणावा तर एक चपराशी. बाकी सगळे सेवा म्हणून येतात. तरी सगळ्यांनी अर्ज करायचा ठरलं, पहिला मी केला. ठाण्यातल्या हवालदारानं ‘बाई, परदेशात चालल्या काय?’ विचारलं.

व्हॉट्सॲपचं पटकन झालं. लेकराला एकट्याला मेसेज नाही, ग्रुपवर बोलायचं, ग्रुपमध्ये दोन मोठे आणि पाहिजे त्या पालकानं यायचं. स्कूटीवर एकट्या मुलीला किंवा मुलाला मागं बसवून न्यायचं नाही, हे मात्र मलाच जड जातं. पावसात एखादी पोरगी चर्चच्या फाटकात उभी असते, माझं घर तिच्या वाटेवर, आणि मी तिच्याबरोबर ऑटोची वाट बघत भिजत उभी राहते. बावळटपणा वाटतो. आधी तिच्या आईला फोन लावायचा, स्पीकरवर बोलायचं, मग न्यायचं, अशी पळवाट आता काढलीय.

आणि गिटार. माझे धाकटे दीर कित्येक वर्षं चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, मुलांना फुकट गिटार शिकवतात. एका वेळी एकच मूल, दार लावून, कारण उघडं ठेवलं की कुंडलिका नदीकडचे डास आत येतात. जालनेकरांना डासांचं वेगळं सांगायला नको. मी म्हटलं, ‘भाऊजी, दार उघडं ठेवा, नाहीतर दोघा-दोघांना बोलवा.’ त्यांचा चेहरा पडला. ‘वहिनी, माझ्यावर संशय?’

‘संशय असता तर क्लास बंद करायला सांगितला असता,’ मी म्हटलं. ‘उद्या कुणी काही बोललं तर खोलीत तुम्ही आणि ते लेकरू, दोघंच. मी कुणाला विचारू?’

तीन महिने ते रविवारी आमच्याकडं चहाला आले नाहीत. नवरा दोघांच्या मधे अडकला, त्यानं तेवढे दिवस वर्तमानपत्र फार मन लावून वाचलं. शेवटी तोडगा निघाला की व्हेस्ट्रीच्या दाराला चौकोन कापून काच बसवायची. ते दार जुनं सागवानी. आणि काय सांगू, लेकरांच्या सगळ्या नियमांना मिळून जेवढा विरोध झाला नव्हता तेवढा त्या दाराला करवत लावायला झाला! ‘गोऱ्या साहेबांच्या काळातलं दार.’ सुतारानं कापलेला तुकडा एका वडिलांनी घरी नेलाय, बहुतेक देवळीत ठेवला असेल. काच बसली. आता संडे स्कूलची बारकी पोरं नाक चिकटवून आत बघतात आणि भाऊजी वैतागतात. पण दोन रविवारांमागं चहाला आले.

या वर्षी सेवेसाठी नवीन नावं मागवली तर पहिला अर्ज म्हैसमाळच्या त्या मुलाचा. २१ पूर्ण. इंजिनिअरिंगला आहे, अजून तसाच अबोल. त्याचा फॉर्म हातात घेऊन मी त्याच्या घरी गेले. आई भाकरी थापत होती. तिच्याजवळ पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. धुकं, ड्रायव्हरचा भाचा, कणसंवाली, भजी, आणि मी काय म्हटलं ते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पाण्याचा हात फिरवला.

‘मला त्याच रात्री सांगितलं त्यानं,’ ती म्हणाली. ‘मी वाट बघायलते, तू कधी सांगतीस ते.’

‘मग बोलली कामून नाहीस?’

‘तू आंटी होतीस ना सगळ्यांची.’ भाकरी फुगली, ती तिनं निखाऱ्याकडं सरकवली. ‘आता फॉर्मवर माझी सही लागती का? का मोठा झाला तो?’

सही लागत नव्हती. तरी तिनं केली, मी करू दिली.

सह्यांचं म्हणाल तर तिथंही मी कागद करताना एक विसरले होते. चार लेकरांचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला गेलेले. लेकरं आजीजवळ. सही कुणाची आणणार? एका मुलीनं आजीचा अंगठा आणला, निळ्या शाईत, अर्धा पुसट. बापाला फोन लावला तर मागं ट्रॅक्टरचा आवाज, तो ओरडून म्हणाला, ‘न्या की बाई, पण घरी आणून सोडा.’ नियमात ‘आईवडिलांची सही’च्या पुढं पेनानं ‘किंवा सांभाळणाऱ्याचा अंगठा, आणि पालकांशी फोन’ असं लिहिलं. पुढच्या वर्षी नीट टाइप करीन.

परवा कॅरल निघाली. १९ लेकरं, दोन गाड्या. आता आम्ही डोकी मोजत नाही, नावं घेतो. प्रत्येकाला एक जोडीदार, नाव घेतलं की त्यानं जोडीदाराचा हात धरून वर करायचा. ड्रायव्हरची लेकरं असली तर त्यांचीही नावं वहीत. म्हैसमाळचा मुलगा दुसऱ्या गाडीत वही घेऊन होता. प्रत्येक घरून निघताना नावं घ्यायला चार मिनिटं जायची आणि ढोलकवाला कंटाळून गाडीच्या पत्र्यावर ताल धरायचा.

साडेअकराला लहानांची गाडी फिरली. निळ्या पेनवाल्याचं घर तिसरं. मफलर गुंडाळून तो फाटकाशी उभाच होता. मुलगी उतरली, फुरंगटलेली. त्यानं वहीत सही केली, वेळ घातली, ११.५०.

‘पप्पा, दादा तर पुढं मटण खायला चाललाय,’ ती म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. दादा एकोणीसचा. मी म्हटलं, ‘त्याच्यासाठी अजून कागद नाही केला.’

‘करा मग,’ तो म्हणाला आणि फाटक लावून घेतलं. गाडीत अजून सहा नावं बाकी होती.